वरच्या चार ओळी

११ ऑगस्ट

ठकू,

बरी असशील. मी बरा आहे.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी कानाशी एक चिमटा वाजवला आणि विचारलं, ऐकू आलं का? मी विचारलं, काय? त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. बावीस वर्षं मशीनच्या खोलीत बसल्यावर पंखे आधी बारीक आवाज घेऊन जातात, असं ते म्हणाले. जाड आवाज मागे राहतात. म्हणजे ट्रक ऐकू येतो, माणूस येत नाही. कानात घालायचं यंत्र दिलं आहे. ते घातलं की पंखेच जास्त मोठ्याने ऐकू येतात. ड्रॉवरमध्ये ठेवलं आहे. तेव्हा फोन करू नकोस. मी नुसता हो हो म्हणतो आणि मग तू चिडतेस. पत्र बरं. पत्राला दोनदा काय म्हणालीस, असं विचारता येतं.

(पान उलट)

लॅबचं सगळं सामान ऑक्टोबरात नव्या इमारतीत जाणार आहे. मशीनही. जुनी खोली मेअखेरपर्यंत रुग्णालयाच्या ताब्यात राहील, तोवर रोज कुलूप काढायला कोणीतरी हवं. ते मी. माझी नोकरीही तेवढीच उरली आहे. शेजारच्या घराला रंग दिला. पिवळा. बघवत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या होत्या.

तुझ्या आईचं शिलाईचं मशीन अजून तुझ्या टेबलाशेजारीच आहे. पट्टा तुटला आहे. दुरुस्त करून ठेवू की देऊन टाकू? ती गेली तेव्हा तू आठ वर्षांची होतीस, आणि मी घरी येईपर्यंत त्या मशीनखाली बसून राहायचीस. म्हणून विचारतो.

तुझ्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे? तू टेबलाशी बसलेली मला दिसतेस, पण उजेड कुठून येतो ते दिसत नाही.

आणि तू हल्ली शिट्टी वाजवतेस का? लहानपणी माझ्याबरोबर डंपचे आकडे वाचायला बसलीस की वाजवायचीस. 

सवडीने लिही.

मामा


९ जानेवारी

ठकू,

लॅबचं मशीन पडलं. मोठं लोखंडी मशीन नव्हे. त्याच्या पोटात जी चार आभासी मशीन चालतात, त्यांतलं दुसरं. पडलं त्या क्षणाच्या सगळ्या मेमरीचा डंप उतरवून घेतला आहे. दोन फाइल झाल्या आहेत.

तुझं डंप वाचायचं टूल लावून पाहिलं. ते म्हणतं, मशीन १ जानेवारी १९७० रोजी पडलं. आत काय काय चालू होतं त्यांची नावं विचारली तर नुसती खडी दिसते.

तुला काही सुचतं का?

मामा


१७ जानेवारी

मामा,

तुझं पत्र काल आलं आणि मी आज लिहायला बसले. बघ किती सुधारले. मागच्या पत्राचं उत्तर राहिलं, त्याबद्दल कान पकडते. माझेच. तुझ्या कानांना आणखी त्रास नको.

१९७०! तेव्हा तू अर्ध्या चड्डीत असशील. टूलला डंपमध्ये घड्याळ सापडलं नाही की ते शून्य धरतं, आणि शून्याची तारीख ती. म्हणजे ते भलतीकडेच वाचतंय.

खरं सांगू? हा दोष माझा आहे. आमचं टूल लोखंडी मशीनचे डंप नीट वाचतं. त्यांच्या पोटातल्या मशीनचे डंप वेगळ्या तऱ्हेने बांधलेले असतात. त्यांच्यासाठीचा भाग चार वर्षांपूर्वी मीच लिहायला घेतला, अर्धा लिहिला आणि ठेवून दिला. कोणी तक्रार केली नाही. मग राहून गेलं ते गेलंच.

आता पुरा करते. पहिला तक्रारदार तू. नशीब काढलंस.

मला तुझं स्वयंपाकघर आठवलं. तू ऑफिसातून कागदी डंप आणायचास, टेबलभर पसरायचास आणि चहाचे कप जमिनीवर ठेवायचास. मी आकडे वाचायची, तू खूण करायचास. मी मधेच म्हणायची, मामा, मला वाटतं हा चोर आहे. तू म्हणायचास, जे दिसतं ते आधी लिही, जे वाटतं ते नंतर. मी आता इथे नव्या मुलींना हेच सांगते. तुझं नाव न घेता.

दोन्ही फाइल पाठवून दे. कशाही पाठव. लवकर. लॅब बंद पडली असेल आणि तू मध्ये उभा असशील, हे मला दिसतंय.

ठकू


२८ जानेवारी

ठकू,

पत्र आठ दिवसांत आलं. दोनदा वाचलं.

फाइल पाठवता येणार नाहीत. त्यांत लोकांच्या रक्ताचे निकाल आहेत. इथला नियम आता कडक आहे. खोलीत काहीही आणता येतं, बाहेर काही नेता येत नाही. फोटो नाही, छापील कागद नाही. हाताने लिहिलेलं नेता येतं, कारण नियम करणाऱ्याला वाटलं नव्हतं की कोणी एवढं लिहील.

मी लिहिलं आहे. सोबत सहा पानं. मेमरीच्या फाइलच्या सुरुवातीचे आकडे, मग दर अर्ध्या जीबीवर आठ ओळी. चष्मा पुसून दोनदा ताडून पाहिले. चौथ्या पानावर एक आठ तीनसारखा दिसतो. तो आठच आहे.

लिहायला तीन दिवस लागले. दुपारी खिडकीतून टेबलावर ऊन येतं, तेव्हा खुर्ची सरकवून घेतो. पूर्वी तिथे कपाट होतं म्हणून ऊन यायचं नाही. हाताला जरा कळ लागली, पण चांगली.

तू काय जेवतेस?

मामा


६ फेब्रुवारी

मामा,

सापडलं! सहा पानांतल्या तिसऱ्यावर सापडलं. तुझं अक्षर किती सरळ आहे अजून. मी इथे सगळ्यांना दाखवलं. एकीने विचारलं, हा कुठला फॉन्ट.

ऐक. पहिले तीन जीबी अगदी बरोबर आहेत. तिथून पुढे सगळं एक जीबीने सरकलेलं. का, तर आभासी मशीनच्या पत्त्यांमध्ये तीन आणि चार जीबीच्या मध्ये मोकळी जागा सोडलेली असते, उपकरणांसाठी राखलेली. फाइलमध्ये मात्र ती जागा नसते, मेमरी सलग लिहून टाकलेली असते. आमचं टूल हे धरतच नव्हतं. इमारतीत चौथ्या मजल्यानंतर एकदम सहावा लिहिलेला असावा आणि पोस्टमनने नुसत्या पायऱ्या मोजत जावं, तसं. चौथ्यापर्यंत सगळी पत्रं बरोबर. पुढची सगळी चुकीच्या दारात.

बदल लिहिला. चाळीस ओळींचा. तो मान्य करून घेणं हे खरं काम. आमचा एक तपासनीस आहे, त्याला आम्ही काटकोन म्हणतो. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. एका ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा जास्तीची राहिली म्हणून त्याने अख्खा बदल परत पाठवला. खाली लिहिलं, ‘आभारी.’ असं आभारी कोणी मला आयुष्यात म्हटलं नव्हतं.

नवं टूल सोबतच्या पेनड्राइव्हवर आहे. खोलीत आणता येतं ना, मग झालं. लावून बघ आणि काय दिसतं ते लिही.

आणि मामा, हे सुटलं की तू मोकळा होशील. मग इकडे ये. नुसतं बघायला नव्हे, राहायला. दर वेळी मशीनचं निमित्त सांगतोस. आता निमित्तच मोडून काढते. लोक फार ओरडतात का तुझ्यावर?

ठकू


२० फेब्रुवारी

ठकू,

कोणी ओरडत नाही.

टूल लावलं. नावं आली. एकशे बारा. यादी सोबत आहे. वाचताना बरं वाटलं. ओळखीची माणसं एका ओळीत उभी असल्यासारखी. रक्तगटाचं काम करणारी, निकाल जुळवणारी, घड्याळ सांभाळणारी. शेवटून तिसरी मी लिहिली होती, तू दहावीत असताना. ती अजून चालू होती हे मला माहीत नव्हतं.

यादीच्या वरच्या चार ओळी लिहिल्या नाहीत. त्या नेहमीच्याच असतात.

एक अडचण उरली आहे. जी कामं त्या क्षणी झोपली होती, ती कुठे थांबली होती ते टूल बरोबर सांगतं. मी चार तपासून पाहिली. पण जी त्या क्षणी चालू होती, तिला ते जुन्या जागी दाखवतं. ती शेवटची जिथे थांबली होती तिथे. आणि पाडलं असेल तर चालू होती तिनेच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवून पाहिलं. आकडे तेच आले.

जमीन पुसून घेतली. चौकोनी डाग जात नाहीत. एक पंखा चालू आहे. तळवा टेकला की कळतं.

मेअखेरपर्यंत मला खोली सोडता येणार नाही. त्यानंतरचं त्यानंतर. तू काय जेवतेस ते लिहिलं नाहीस.

मामा


१ मार्च

मामा,

कोणी ओरडत नाही म्हणे! ऐकू येत नसेल तुला.

आकडे दुसऱ्यांदाही तेच आले ही फार चांगली बातमी आहे. म्हणजे दर वेळी एकाच ठिकाणी पडतंय. भटका दोष नाही, बसका आहे. बसका दोष पकडता येतो, हे तूच शिकवलंस.

चालू कामाचं तू म्हणतोस ते बरोबर. झोपताना प्रत्येक काम आपली जागा मेमरीत लिहून झोपतं. चालू असलेलं कुठे आहे ते मेमरीत नसतं, प्रोसेसरमध्ये असतं. आणि ते तुझ्या दुसऱ्या फाइलमध्ये उतरलेलं आहे, त्या लहान फाइलमध्ये. आमचं टूल ती फाइल उघडायचं, मेमरी कुठून सुरू होते तेवढं बघायचं आणि बंद करायचं. बाकीचं वाचतच नव्हतं. आता वाचायला लावलं आहे. प्रत्येक प्रोसेसर त्या क्षणी नेमका कुठे होता, ते तिथून उचलायचं आणि चालू कामाला लावायचं. एवढंच. लिहायला तीन आठवडे लागतील वाटलं होतं. सहा दिवसांत झालं. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, तू हल्ली घाईत असतेस, कोणाचा जीव अडकलाय का? मी म्हटलं, माझ्या मामाचा.

काटकोनाला पुरावा हवा आहे. खऱ्या डंपवर टूल चालवून जे दिसलं ते सगळं, पहिल्या ओळीपासून, एकही न गाळता. वरच्या चार ओळींसकट. तो म्हणतो, तारीख बरोबर आली तरच मेमरीतल्या मोकळ्या जागेचा बदल खरा धरीन. मुद्दा बरोबर आहे. १९७० गेलं का, हे मीही विचारलंच नव्हतं तुला.

आणि बदलाच्या खाली चाचणी करणाऱ्याचं नाव लिहितात. मी तुझं लिहिणार आहे. ते कायम राहतं, मामा. टूल असेल तोवर.

नवा पेनड्राइव्ह सोबत. लवकर लिही.

ठकू


१९ एप्रिल

मामा,

सात आठवडे झाले. पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं.

गेल्या मंगळवारी मी फोन केला. तू उचललास. मी विचारलं, बरा आहेस ना? तू म्हणालास, हो. मी विचारलं, पडलाबिडला नाहीस ना? तू म्हणालास, हो हो. मी विचारलं, मी कोण बोलतेय? तू म्हणालास, हो. मग मी फोन ठेवला आणि भांडी घासली.

आमच्या इमारतीत पत्रपेट्या जिन्याखाली आहेत. माझ्या पेटीला काच आहे, आत काही असलं तर पांढरं दिसतं. मी येताजाता बघते. काल पांढरं दिसलं. पाण्याच्या टाकीची सूचना होती.

काटकोनाने दोनदा विचारलं. मी त्याला सांगितलं, चाचणी करणारा हाताने लिहितो, वेळ लागतो. त्याने उत्तर दिलं, थांबतो. तो थांबतो म्हणणाऱ्यांतला नाही.

मशीनचं नंतर बघू. तू लिही.

तू विचारलं होतंस. सकाळी पाव आणि अंडं. दुपारी ऑफिसात जे असेल ते. संध्याकाळी डाळ भात, तो जमतो आता.

ठकू


२ मे

ठकू,

बरा आहे. पडलो नाही. फोनवर तू होतीस हे तुझ्या पत्रावरून कळलं. मला वाटलं होतं, गॅसवाला.

काटकोनासाठी, पहिल्या ओळीपासून:

मशीन: लॅब-दोन.
पडल्याची वेळ: ३ सप्टेंबर, दुपारी १ वाजून १२ मिनिटं.
त्याआधी सलग चालू: ६ दिवस ४ तास.
चालू काम: लेबल छापणारं.

बाकीची अकरा पानं सोबत आहेत. एकही ओळ गाळलेली नाही.

तारीख बरोबर आहे. मशीन सप्टेंबरात पडलं. ऑक्टोबरात लॅब नव्या इमारतीत गेली, मशीनही गेली. मी तुला लिहिलं होतं. खोलीत आता एक लोखंडी मशीन आहे जे कोणाला नको होतं, त्यात तो एक डंप, एक पंखा आणि खुर्ची. मी रोज दहाला कुलूप काढतो.

मी खोटं लिहिलं नाही. पत्रं तुझ्याकडे असतील तर बघ. मशीन पडलं, असं लिहिलं. कधी पडलं ते लिहिलं नाही. कोणी ओरडत नाही, असं लिहिलं. पुन्हा चालवलं ते टूल, मशीन नव्हे. तू तुला वाटलं ते वाचलंस, आणि मी वाचू दिलं. मोजून मापून वाचू दिलं. खोटं लिहिण्यापेक्षा हे बरं, अशी माझी समजूत होती. आता ती तशी राहिलेली नाही.

मार्चमध्ये वरच्या ओळी मागितल्यास. तारीख स्क्रीनवर स्वच्छ आली होती. तुझं काम चोख आहे. पेन घेऊन बसलो. सप्टेंबरच्या जागी फेब्रुवारी लिहिलं असतं तर कोणाला कळलं नसतं. आकडे नाहीत का बदलता येत, येतात. एकदा लिहिलंही. मग ते पान फाडून टाकलं. मग काही लिहिणं झालं नाही.

का केलं ते एवढंच. ऑगस्टात तुला लिहिलं. उत्तर आलं नाही. त्याआधीच्याही दोन पत्रांना नाही. तुझ्यामागे काम असतं, मला माहीत आहे, मी तक्रार करत नव्हतो. जानेवारीत एक दिवस खोलीत बसून होतो. डंप तसाच पडला होता. तुझं टूल लावून पाहिलं, चाललं नाही, आणि मी तुला कळवलं. तेव्हा मनात काही नव्हतं. तू आठव्या दिवशी चार पानं लिहिलीस. त्यात माझं स्वयंपाकघर होतं.

मग मला कळलं की कुठल्या दारावर वाजवलं की उघडतं. त्यानंतर मी तिथेच वाजवत राहिलो.

चोर सापडला, तेवढं सांगतो. तुझ्या टूलने चालू काम दाखवलं ते लेबल छापणारं, आणि ते थांबलं होतं प्रिंटरशी बोलण्याच्या मध्यावर. वेळ एक वाजून बारा. मग मला आठवलं. रक्त घेणाऱ्या बाई एकला डबा खायच्या. त्याआधी त्या प्रिंटरचा प्लग काढून तिथे किटली लावायच्या. मधेच कोणी नमुना आणला तर लेबल निघायला जायचं, प्रिंटर जागेवर नसायचा, आणि मशीन पडायचं. दर वेळी नाही, दोन्हींची गाठ पडली तरच. दोन वर्षं मी वीज, उंदीर, नव्या लोकांचं काम, सगळ्यांवर संशय घेतला. बाईंच्या हातचा चहा पीत घेतला.

नव्या इमारतीत किटलीला वेगळा प्लग आहे. तिथे मशीन एकदाही पडलेलं नाही. परवा जाऊन बाईंना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की मलासुद्धा ऐकू आलं. चहा दिला.

माझं नाव बदलाखाली लिहू नकोस.

३१ तारखेला खोलीची किल्ली परत करायची आहे.

मामा


८ मे

मामा,

पत्र परवा आलं. कालचा दिवस धावपळीत गेला, आज लिहिते.

ऑगस्टचं पत्र सापडलं. ड्रॉवरमध्ये, विजेच्या बिलांखाली. पहिलं पान मी वाचलं होतं. डॉक्टरांच्या चिमट्याला हसले होते. मग कोणीतरी हाक मारली असेल. दुसऱ्या पानाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ‘पान उलट’ असं तू कंसात लिहिलं आहेस.

आणि ते तेच आकडे. दोनदा पडलेल्या मशीनचे सगळे आकडे तंतोतंत सारखे येत नाहीत. हे मी इथे पहिल्याच दिवशी शिकवते. माझ्यासमोर ते लिहिलेले होते, तुझ्या अक्षरात, आणि मी म्हटलं, चांगली बातमी.

बदल मान्य झाला. दोन्ही झाले. काटकोनाने एका ओळीचं पत्र लिहिलं. ‘चाचणीची नोंद मी गेल्या दहा वर्षांत पाहिलेल्यांत सगळ्यात स्वच्छ आहे, त्यांना कळवा.’ खाली तुझं नाव आहे. काढलं नाही. तिथे एवढंच लिहायचं असतं की टूल खऱ्या डंपवर कोणी चालवलं आणि जे दिसलं ते खरं लिहिलं. ते तू केलंस.

आता तुझ्या ११ ऑगस्टच्या पत्राचं उत्तर.

आईचं मशीन देऊ नकोस. पट्टा मी आणते. इथे एका दुकानात मिळाला. माप माहीत नव्हतं. दुकानदाराने विचारलं, केवढा? मी हात पसरून दाखवला, खाली बसून दिसायचा तेवढा. त्याने त्याहून जरा लांब दिला, कापता येतो म्हणाला.

खिडकी उत्तरेला आहे. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि एक लोखंडी जिना. जिन्यावर तिसऱ्या मजल्यावरची बाई पोछा वाळत घालते. सरळ उजेड येत नाही. पण साडेतीनच्या सुमाराला समोरच्या भिंतीवर ऊन पडतं आणि तिथून तासभर माझ्या टेबलावर येतं, डाव्या बाजूने. आता मी तिथेच बसले आहे.

शिट्टीचं मला माहीत नव्हतं. शेजारच्या टेबलावरचीला विचारलं. ती म्हणाली, वाजवतेस की, आकडे वाचताना, आणि बेसूर वाजवतेस.

मी ३० तारखेला येते, दुपारी. दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर खोलीवर येईन. खुर्ची आणि पंखा दोघांनी मिळून बाहेर काढू. मग किल्ली देऊ. नंतर कुठे राहायचं, इथे की तिथे, ते तुझ्या टेबलाशी बसून ठरवू.

घराशी आले की मी शिट्टी वाजवीन. तुला ऐकू येणार नाही. बेलही येणार नाही. ते यंत्र ड्रॉवरमध्येच असू दे. दार उघडं ठेव.

ठकू